गाद्यांच्या गोदामातला आवाज

डोळे तपासण्याची खोली दुकानाच्या मागे होती आणि काचा घासण्याचे यंत्र पुढच्या कोपऱ्यात. या दोन जागांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर त्याचा दिवस येरझारा घालत असे. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचे, नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवायची, एकामागून एक भिंगे सरकवत विचारायचे, "हे बरं, की आधीचं?" आणि मग ठरलेल्या नंबरची काच चाकाला लावून फ्रेमच्या मापाची करून द्यायची. काच चाकाला टेकली की आवाज उठे. आधी चिरका, मग पाणी सुटताच दाट, खरखरीत, आतून फाटत गेलेला. चष्म्याच्या दुकानाचे मालक त्या वेळी कानांत बोटे घालून रस्त्याकडे तोंड करत. तो मात्र मान किंचित तिरकी करून ऐकत राही. पदवी त्याने घेतली होती साहित्याची, पोट भरत होते काचांवर, आणि जीव अडकला होता तो या आवाजात.

गिटारमधून असा आवाज काढायचा, एवढी एकच गोष्ट त्याला गेली कित्येक वर्षे हवी होती. थ्रॅश नावाच्या त्या धावत्या, दातओठ खाणाऱ्या संगीतात गिटार गात नाही, ती कापते. मिसरूड फुटण्याच्या वयात त्याने काही रेकॉर्डी ऐकल्या होत्या आणि त्यांतल्या गिटारीने त्याच्या आत एक बारीक, न भरणारी चीर पाडून ठेवली होती. कवितेतले सगळे दुःख त्याला पुढे वाचायला मिळाले; पण दुःखाला दात असतात हे त्याला आधी त्या आवाजाने सांगितले होते.

साधने म्हणाल तर बेताची. दोन-तीन हातांतून फिरत आलेली गिटार, जिच्या पाठीवर आधीच्या कुणीतरी एक नाव कोरून नंतर ते खरवडून काढले होते. स्टुलावर मांजर बसावे तसा बसणारा, घरात सराव करण्यापुरता बनवलेला छोटा अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. आणि आवाज मुद्दाम बिघडवणारे एक पेडल, ज्याचे बटण तुटल्यामुळे ते पकडीने फिरवावे लागे.

घरी तो वाजवू लागला की आई दारात येऊन उभी राही.

"मिक्सरमध्ये चमचा पडलाय का रे?"

"आई, हे असंच असतं."

"असंच असतं तर सारखा दुरुस्त कशाला करत बसतोस?"

तो पुन्हा बटणांकडे वळे. अँपवर तीन बटणे होती: खालच्या सुरांचे, मधल्या सुरांचे आणि वरच्या सुरांचे. मधले त्याने पार शून्यावर आणून ठेवले होते आणि बाकीची दोन शेवटापर्यंत पिळली होती. आवाज बिघडवण्याचे बटणही शेवटाला. खोलीत एकटा असताना त्या आवाजाचा डोंगर उभा राही. पायथ्याशी गडगडाट, शिखरावर ठिणग्या. पलंगाच्या कडेला बसून तो त्या डोंगराच्या सावलीत समाधानाने भिजत असे, आणि मनाशी म्हणे, जमले.

जमले नव्हते, हे त्याला गाद्यांच्या गोदामात कळले.

बँड तिघांचा होता आणि तिघेही घरचेच. त्याची थोरली बहीण, ताई, शाळेत कवायत शिकवायची आणि ड्रम वाजवायची. शिट्टीवर शंभर पोरांना वळवणाऱ्या त्या हातांत काठ्या आल्या की भिंतींनी सावध राहावे. तिचा नवरा, दाजी, एका कचेरीत कामगारांसाठीच्या माहितीपटांचे आवाज जुळवून देत. ते बेस गिटार वाजवायचे आणि गाणी ओरडायचेही. शब्द धाकट्या भावाचे, म्हणजे याचे, असत. दाजींच्या एका मित्राचे गाद्यांचे दुकान होते. रविवारी ते बंद असे आणि दुपारी त्याचे गोदाम या तिघांना मिळे. भिंतीला टेकवून उभ्या केलेल्या गाद्यांच्या थप्प्या, प्लास्टिकचा वास, वर घरघरणारी एक नळी-दिव्यांची जोडी. बाहेरच्या गल्लीला आतल्या गोंगाटाचा पत्ताही लागत नसे.

त्या पहिल्या दुपारी तिघांनी मिळून एक गाणे शेवटापर्यंत नेले. ताईने काठ्या मांडीवर ठेवल्या आणि घाम पुसत त्याला विचारले, "तू वाजवत होतास?"

"मग काय करत होतो?"

"मला वाटलं, अजून सूर लावतोयस."

"चेष्टा नको, ताई."

"चेष्टा कसली? तुझा हात हलताना दिसत होता म्हणून विचारलं. एरवी विचारलंही नसतं."

दाजींनी बेस गळ्यातून काढला. "मेहुणे, हिचं ऐका. हात दिसतोय, आवाज दिसत नाही. नंबर वाढलाय तुमच्या गिटारचा."

ती दोघे हसली. तो हसला नाही. घरात उभा राहणारा तो डोंगर इथे पाय ठेवताच विरघळला होता. खालचे सूर दाजींच्या बेसने आधीच बळकावले होते, वरची जागा ताईच्या झांजांनी. गिटारला उरली होती ती फक्त मधली जागा; आणि ती त्याने स्वतःच्या हाताने, मोठ्या प्रेमाने, झाडून रिकामी केली होती. एकांतात घडवलेल्या माणसाचे माणसांत गेल्यावर जे होते, तेच त्या आवाजाचे झाले होते.

आठवडाभर तो घरात घुम्यासारखा वावरला. मग कामाला लागला. रविवारमागून रविवार. मधल्या सुरांचे बटण त्याने थोडे थोडे करत शेवटापर्यंत नेले. बिघाडाचे बटण पकडीने मागे ओढत निम्म्यावर आणले आणि अँपचा एकूण आवाज मात्र तो कण्हू लागेपर्यंत चढवला, कारण जो फाटका सूर पेडलने उसना दिला होता तो त्याला अँपच्या स्वतःच्या छातीतून हवा होता. दुसरे एक साधे पेडल मिळवून ते पहिल्याच्या आधी जोडले. काही बिघडवायला नव्हे, नुसते मागून ढकलायला. अँप गाद्यांच्या थप्पीवर ठेवला तर आवाज उशीत तोंड खुपसून रडल्यासारखा येई. फरशीवर ठेवला तर घुमे. लोखंडी स्टुलावर स्टूलच वाजे. शेवटी दोन गाद्यांच्या मधल्या फटीकडे तोंड करून, एका लाकडी खोक्यावर तो स्थिरावला.

तरीही काहीतरी उरत होते. तारेला लागणारा पहिला घाव बोथट होता. तार छेडायला बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या पिका वाकत. तारेला स्पर्श करून माफी मागितल्यासारख्या निसटत. एकदा दुकानात, चुकीच्या मापाची म्हणून बाजूला टाकलेली एक जाड काच त्याच्या हातात होती. प्लास्टिकचीच, पण कडक, पारदर्शक, कडेला करकरीत. त्याने ती यंत्रावर लावून बोटांत धरण्याजोगी तिकोनी केली आणि कड मुद्दाम घोटली नाही. मालकांनी लांबून पाहिले.

"हे कुठल्या गिऱ्हाइकाचं?"

"माझंच."

"एकाच डोळ्याचं?"

त्या रविवारी ती तिकोनी काच तारेवर पडली, आणि प्रत्येक घावाच्या तोंडाशी एक बारीक ओरखडा उमटला. हाताची दिशा एकच, वरून खाली, पुन्हा वरून खाली. खाली-वर असा सोपा मार्ग त्याने स्वतःला कधीच दिला नव्हता. एकटी ऐकली तर गिटार आता कुरूप होती. नाकात बोलणारी, पत्रा फरफटत नेल्यासारखी. पण ताईने चार टोले देऊन सुरुवात केली आणि दाजींचा बेस खालून आला, तेव्हा ती कुरूपता त्या दोघांच्या मधोमध अशी जाऊन बसली जशी करवत लाकडात बसते. भुसा उडतोय असे वाटत होते.

गाणे संपले. ताईने मान डोलावली. "घाण आहे," ती म्हणाली. "पण ऐकू येतंय."

"घाण कशी?"

"चांगली घाण रे, येड्या. कौतुक करतेय."

तो अँपच्या तोंडाशी उकिडवा बसला आणि गरम झालेल्या त्या छोट्या पेटीवर त्याने तळहात ठेवला, ताप पाहावा तसा. हा आवाज त्याचा होता. विकत घेतलेला नव्हता, शिकवलेला नव्हता. टाकून दिलेल्या काचेतून, तुटक्या बटणातून, गाद्यांच्या फटीतून उगवलेला होता. कवितेत त्याला स्वतःची म्हणावी अशी एक ओळ कधी सापडली नव्हती. जी सुचे तिच्यावर आधीच कुणाच्या तरी बोटांचे ठसे असत. इथे प्रथमच ठसे त्याचे होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत दाजींना दुसऱ्या शहरात काम मिळाले. ताईलाही तिथल्या शाळेत जागा होती. जेवणाच्या टेबलाशी ही बातमी सांगितली गेली. आईने आधी डोळ्यांना पदर लावला आणि मग विचारले, "ते ढोल पण नेणार ना?"

"नेणार, आई."

"मग ठीक आहे," आई म्हणाली आणि पुन्हा रडू लागली.

दाजी म्हणाले, "जायच्या आधी चार गाणी रेकॉर्ड करून ठेवू. नीट. माइक मी कचेरीतून आणतो, बाकी सगळं लॅपटॉपवर."

"माझी एकच अट आहे," तो म्हणाला. "गिटारचा आवाज गोदामात येतो तसाच यायला हवा. त्याला हात लावायचा नाही."

"लावत नाही बाबा."

"शपथ घ्या."

"अगं, तुझा भाऊ मला शपथ घ्यायला लावतोय. लग्नात लावली नव्हती एवढी."

"घ्या की मग," ताई म्हणाली. "तेव्हाची राहिलेलीच आहे."

विनोद झाला, विषय पुढे सरकला. पण त्याने तो विनोद करारासारखा जपून ठेवला. बँड जाणार होता. गोदामातल्या दुपारी जाणार होत्या. तो मागच्या अंधाऱ्या खोलीत भिंगे सरकवत राहणार होता. या सगळ्यातून हा आवाज तेवढा राहायला हवा होता.

ड्रम आणि बेस आधी रेकॉर्ड झाले. मग त्याची पाळी. कानांवर हेडफोन, त्यात ताईचे ठोके; समोर खोक्यावर अँप, आणि अँपच्या जाळीपाशी, मध्यापासून जरा कडेला, माइक. प्रत्येक गाणे दोनदा वाजवायचे होते, एक डाव्या कानासाठी आणि एक उजव्या. दोन्ही वेळा हात तोच, तरी बारीक फरक पडतोच, आणि त्या फरकातून भिंत उभी राहते. दाजींनी गिटारची वायर अँपला जाण्याआधी एका लहानशा डबीतून फिरवली, आणि डबीतून दुसरी वायर लॅपटॉपला.

"हे काय?"

"काही नाही. गिटारचा कोरा सिग्नल. पेडल नाही, अँप नाही, नुसती तार. बाजूला पडून राहील."

"कशाला पण?"

"विमा समज. विमा काढला म्हणून कुणी मरत नाही."

त्याने खांदे उडवले आणि तो वाजवू लागला. संध्याकाळपर्यंत त्याच्या तर्जनीची कातडी काचेच्या कडेने सोलली होती. शेवटचे गाणे दुसऱ्यांदा संपले तेव्हा नळी-दिव्यांची घरघर तेवढी राहिली. ताईने गादीवर पडल्या पडल्या हात वर करून अंगठा दाखवला. इतका आनंद त्याला पूर्वी झाला होता का, हे त्याला आठवेना.

मालक कामाला बाहेर गेले होते अशा एका दुपारी दाजी आणि ताई लॅपटॉप घेऊन दुकानात आले. दाजी अडखळत होते. एरवी ते अडखळत नसत.

"हे बघ, सरळच सांगतो. माइकवरचा आवाज बसत नाहीये."

"बसत नाही म्हणजे?"

"नळी-दिव्यांची घरघर आलीय त्यात. अँपचा पत्रा मधूनच खडखडतोय. थोडा घातला तर ऐकू येत नाही, जास्त घातला तर ताईचे ड्रम खातो. पंधरवडा झगडतोय मी."

"गोदामात तर बसत होता."

"गोदामात गाद्या होत्या, आपण होतो. इथे नुसत्या हेडफोनच्या दोन डब्या आहेत." दाजींनी श्वास घेतला. "म्हणून मी त्या कोऱ्या सिग्नलवर संगणकातला अँप लावून बघितला. मोठ्या अँपची नक्कल करतं ते सॉफ्टवेअर. हात तुझाच आहे, बरं का. प्रत्येक घाव तुझा."

"हात माझा. आणि आवाज?"

दाजींनी लॅपटॉपचे झाकण वर केले.

"तुम्ही शपथ घेतली होती."

"चेष्टेत घेतली होती रे."

"मी चेष्टेवारी नेली नव्हती." त्याचा स्वर चढला. "संगणकाचा आवाज मला डोळे मिटून कळेल. मेलेला असतो तो. त्याला कड नसते. दहा आवाजांत माझा एक लावा, मी बोट ठेवून दाखवतो."

"दहा कशाला?" आतापर्यंत फ्रेमच्या कपाटाशी उभी राहिलेली ताई म्हणाली. "दोनच लावू. ओळखलास तर तुझा ठेवायचा, घरघर असो नाही तर खडखड. नाही ओळखलास तर हे म्हणतील तो. मंजूर?"

"मंजूर."

"अगं, कशाला उगाच," दाजी पुटपुटले.

"नाही, नाही. लावाच."

तो मागच्या खोलीत गेला आणि उंच खुर्चीत बसला. तिथे तो कधीच बसला नव्हता. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वरून खाली लहान होत गेलेला. दाजींनी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. लोक उत्तरे कशी देतात हे त्याला पुरते ठाऊक होते. नंतरचे भिंग बहुतेकांना बरे वाटते. काहींना तपासणाऱ्याला खूश करायचे असते. काही घाबरून काहीही सांगतात. म्हणून तो म्हणाला, "क्रम बदलत राहा. आवाजाची पातळी सारखी ठेवा. सुरुवातीची घरघर कापून, गिटार सुरू होते तिथूनच तुकडा लावा, म्हणजे त्यावरून ओळखलं असं व्हायला नको."

"सगळं तसंच करतो."

त्याने डोळे मिटले.

पहिला तुकडा आला. गिटार जवळ होती, जरा बावळट, नाकात बोलणारी. दुसरा आला, आणि त्याच्या अंगावर काटा उभा राहिला. तीच चीर. मिसरूड फुटण्याच्या वयात पडलेली, तीच. दात, भुसा, ठिणगी. दाजींनी क्रम फिरवला. त्याने लगेच बोट वर केले. पुन्हा फिरवला; पुन्हा बोट, जराही न चुकता. हवा तेव्हा, हव्या त्या क्रमाने, दर वेळी तोच.

"हा," तो डोळे न उघडता म्हणाला. "हा माझा. याच्यात काच आहे. दुसऱ्यात नुसतं प्लास्टिक. एवढं साधं आहे, दाजी. तुम्हाला कसं ऐकू येत नाही?"

त्याने डोळे उघडले. दाजी लॅपटॉपच्या पडद्याकडे असे पाहत होते, जसे तिथे काही लिहिलेले असावे. ताई त्याच्याकडे पाहत होती. आणि लहानपणी तो सायकलवरून पडल्यावर, रक्त त्याला दिसायच्या आधी तिला दिसले होते, तेव्हाचा तिचा चेहरा त्याला आत्ता पुन्हा दिसला.

त्याने हेडफोन काढले.

"परत एकदा लावू का?" दाजींनी विचारले.

"नको."

"अरे, उलटसुलट झालं असेल माझ्याकडून..."

"काही उलटसुलट झालं नाही. दर वेळी मी तोच सांगितला."

ताई जवळ आली. "हे बघ, पैज गेली खड्ड्यात. तुझाच ठेवू. तुझा आवाज, तुझं गाणं. लोकांना काय कळतंय?"

हे तिने मायेने म्हटले होते. आणि त्याला जे सहन झाले नाही ते नेमके तेच. लोकांना कळत नाही, म्हणून चालेल. त्यालाही कळले नव्हते. जो आवाज त्याने हाताने उगवला असे त्याला वाटत होते, त्याच्याकडे तो दर वेळी पाठ फिरवत आला होता, आणि बोट वर केले होते ते दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजाकडे. कधीकाळी महागड्या खोल्यांत, जाणत्या माणसांनी घोटून घोटून कच्चा बनवलेल्या आवाजाकडे. कच्चेपणा म्हणून त्याने जन्मभर ज्याची आस धरली ती एक पक्की, तयार गोष्ट होती. आणि खरोखर कच्चे जे होते, ते त्याच्या कानांना बावळट वाटले होते.

"संगणकाचाच ठेवा," तो म्हणाला. "मला तो आवडला. तुमच्यासमोरच सांगितलं ना?"

"असं रागाने नको."

"रागाने नाही, ताई. चाचणी घेतली, नंबर ठरला. आता काच तीच बसवायची."

दाजींनी लॅपटॉप मिटला. बाहेर कुणीतरी काउंटरवर चावी वाजवून गिऱ्हाईक आल्याची वर्दी देत होते. तो उठला आणि बाहेर गेला.

महिन्याभरात ताई आणि दाजी निघून गेले. ड्रमची पिंपे ट्रकमध्ये चढताना आईने त्यांना हात लावून पाहिला. चार गाणी इंटरनेटवर चढली. ऐकणारे मूठभर होते, पण जे होते त्यांनी लिहिले, आणि बहुतेकांनी गिटारविषयी लिहिले. कच्ची. सोलून काढलेली. कुणी म्हणाले, हल्ली असा खरा आवाज ऐकायला मिळत नाही. दाजींनी ती वाक्ये उचलून त्याला पाठवली; त्यांच्या मनात खरोखर त्याला बरे वाटावे एवढेच होते. त्याने प्रत्येकाला उत्तरादाखल एक अंगठा पाठवला.

मग एकदा लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस चष्मा बदलायला आला. पन्नाशीच्या आसपासचा, बोटांच्या पेरांत वंगण रुतलेला. नंबर तपासून झाल्यावर तो उठेना.

"एक विचारू? ती गाणी तुमची ना? गाद्यांच्या दुकानवाल्याने सांगितलं मला. तुमच्या मोठ्या अँपचं नाव काय?"

"मोठा नाहीये. घरात वाजवायचा छोटा."

"काय सांगता!" त्या माणसाचा चेहरा उजळला. "माझ्याकडे तसाच आहे. मी पण वाजवतो, म्हणजे आपलं, बायको बाहेर गेली की. मग त्यातून एवढं कसं काढलंत?"

त्याने सांगितले. मधले सूर शेवटापर्यंत, बिघाड निम्म्यावर, मागून ढकलणारे दुसरे पेडल, लाकडी खोके, गाद्यांची फट, जाळीच्या मध्यापासून जरा कडेला माइक. प्रत्येक शब्द खरा होता, आणि त्यातला एकही त्या गाण्यांत नव्हता. ते त्याने सांगितले नाही. उठताना त्या माणसासाठी एक टाकाऊ काच यंत्रावर लावून तिकोनी करून दिली. लिफ्टवाल्याने ती रुमालात गुंडाळून वरच्या खिशात ठेवली.

बऱ्याच दिवसांनी त्याचा फोन आला. सोबत त्याने एक तुकडा पाठवला होता. "ऐका आणि खरं सांगा," तो म्हणाला. "वाईट वाटून घेणार नाही."

दुकानात कुणी नव्हते. त्याने तुकडा लावला. आधी घरघर आली. मग पत्र्याचा खडखडाट, आणि मग गिटार. नाकात बोलणारी, कुरूप, प्रत्येक घावाच्या तोंडाशी बारीक ओरखडा असलेली. या वेळी त्याला कुणी ओळखायला सांगितले नव्हते, आणि म्हणूनच की काय, त्याने ती ओळखली. गाद्यांचा, प्लास्टिकचा वास त्याच्या नाकाशी आला. आवाज जिवंत होता. गोदामातही तो असाच जिवंत होता.

त्याने फोन कानाला लावला. "सुंदर आहे," तो म्हणाला. "अगदी हाच. हाच तो."

"छे हो." लिफ्टवाला हसला, पण हसण्यात दम नव्हता. "चेष्टा करता गरिबाची. तुमच्या गाण्यात आहे तसा कुठे येतोय? तीन महिने झाले, बायको म्हणते, लिफ्ट अडकल्यासारखा आवाज येतो. सगळं तुम्ही सांगितलं तसंच केलं. माझ्या हातातच खोट असणार."

तेव्हा त्याला सांगावेच लागले. "तुमच्या हातात खोट नाही. गाण्यातला आवाज त्या अँपचा नाहीच. माझ्या दाजींनी तो नंतर संगणकावर बनवला. मी सांगितलं ते सगळं आम्ही केलं होतं, आणि त्यातून जे निघालं होतं, ते तुम्ही आत्ता पाठवलंत तेच. कुणी ऐकलं नाही ते. तुम्ही काढलात तो खरा आवाज आहे."

पलीकडे दूर कुठेतरी लिफ्टचे दार उघडले आणि बंद झाले.

"म्हणजे हात ठीक आहे माझा?"

"उत्तम आहे."

"सुटलो," लिफ्टवाला म्हणाला, आणि त्याचा सगळा भार उतरल्याचे आवाजावरूनही कळत होते. "मला वाटलं, वय झालं. बरं, मग एक करा. त्या सॉफ्टवेअरचं नाव तेवढं सांगा."

त्याने नाव सांगितले. नीट ऐकू आले नाही म्हणून लिफ्टवाल्याने ते पुन्हा विचारले, तेव्हा एकेक अक्षर सुटे करून, गिऱ्हाइकाने तक्ता वाचावा तितक्या सावकाश, त्याने ते पुन्हा सांगितले.